पट, पंगत आणि मोहफुलं

झाडीपट्टीत खायला-प्यायला जायचं, तर आधी तिथे कुणाचा तरी पाहुणा व्हावं लागतं. ताडोबाच्या वाघासाठी येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, कारण त्यांच्या ताटात पनीर आणि दालतडका येतो आणि ते तृप्त होऊन परत जातात. आम्हीही एकदा तसेच तृप्त होऊन आलो होतो. या वेळी नवऱ्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावी पटाला बोलावलं. "जोडीनं या," असा त्याच्या आईचा निरोप होता. पुढे महाशिवरात्रही जवळ आलेली. मग पटापासून मार्कंड्यापर्यंत आणि तिथून खाली भामरागडपर्यंत असा बेत ठरला. पळस फुललेला आणि मोह नुकताच गळू लागलेला, असे ते दिवस होते.

नागपूर सोडून उमरेडमार्गे निघालं की पहिली वर्दी नाकाला मिळते ती भिवापूरला. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण त्याचं कौतुक तिथे कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. रस्त्याकडेच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीच्या खळ्यांवर, बाया मिरचीच्या ढिगाभोवती बसून देठ खुडत असतात. पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेला, तरी मधूनच एखादी शिंकते. गाडीच्या काचा बंद करूनही आमचे डोळे चुरचुरले. विदर्भातल्या रश्श्याच्या लाल तर्रीचं कौतुक करताना यापुढे या बायांचे हात आठवतील.

नागभीडच्या अलीकडे मुलूख बदलतो. कापूस-तुरीची काळी सपाट रानं संपतात आणि बांध घातलेल्या लहान लहान चौकोनी बांध्या सुरू होतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून झाडीपट्टी होते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा प्रदेश. ज्वारीच्या भाकरीचा विदर्भ इथे मागे पडतो. गावागणिक तलाव दिसतो, त्याला मालगुजारी तलाव म्हणतात. नाव इंग्रजी अमदानीतल्या मालगुजारांचं असलं, तरी यातले अनेक तलाव त्याच्याही आधीचे आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्यांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरून ते बांधले. त्यांच्या पाण्यावर भात पिकला आणि त्याच पाण्यात ढिवरांनी मासे धरले, शिंगाडे लावले. उपासाचा आणि सामिष जेवणाचा जिन्नस एकाच तळ्यातून निघतो.

याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या गावी दादाजी खोब्रागडे राहत. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन नावापुरती. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या पटेल-३ जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून लावल्या आणि त्यातून बारीक दाण्याचं, चवीचं नवं वाण उभं केलं. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. हा तांदूळ आज मुंबई-पुण्याच्या दुकानांतही मिळतो आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कुठल्या तरी सरकारी प्रयोगशाळेतून आला असं वाटतं. दादाजी २०१८ मध्ये गेले. वाणांनी अनेकांना पैसा दिला, दादाजींचा हात मात्र शेवटपर्यंत ओढगस्तीतच राहिला.

गावात पोचलो तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. पण या भागात पट हे घराघरांतून सोयरेधायरे गोळा करण्याचं निमित्त असतं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि त्यामागून पट, असा हा हंगाम होळीपर्यंत चालतो. धान घरात आलेलं असतं, हाताशी चार पैसे असतात आणि शेतात फार काम नसतं. लेकी माहेरी येतात, जावई येतात, उपवर मुलामुलींची पाहणीही इथेच उरकते. आम्ही नात्यातले नव्हतो, पण जोडीने आलो म्हटल्यावर सहकाऱ्याच्या आईने नवऱ्याला सरळ "जवाईबापू" करून टाकलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

तिथून पुढे आमचा सण अर्धा-अर्धा झाला. पुरुष बाहेर मांडवात, बाया आत चुलीशी. पहिल्यांदा मला ते खटकलं, आणि पुरुषांची पंगत आधी उठणार हे कळल्यावर तर जास्तच. मात्र नवऱ्यापेक्षा माझी बाजू सरस ठरली, कारण आत आयते चालले होते.

तांदळाचं पीठ पाण्यात ताकासारखं पातळ कालवलेलं. चुलीवर खोलगट तवा चांगला तापू द्यायचा. अर्धा कांदा काडीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावरून फिरवायचा. मग वाटीने पीठ कडेकडून ओतत मध्ये यायचं. पीठ तव्यावर पडताच चर्र आवाज होऊन जाळी पडते. झाकण ठेवून दोनदा श्वास घ्यावा इतकाच वेळ, की कडा आपोआप सुटतात. उलटायचं नाही. मी ओतलेला पहिला आयता मधोमध जाड झाला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात थांबवू नका जी, पीठ थांबते मंग." मऊ, पांढराशुभ्र, एका बाजूने किंचित कुरकुरीत असा हा आयता मटणाच्या झणझणीत रश्शात बुडवला की रस्सा जाळीत भरून राहतो. भाकरीला हे जमणार नाही. सोबत लाखोरीच्या डाळीचे वडे होते, बाहेरून करकरीत आणि आत भरड. मटण नको असलेल्यांना हेच वडे भाताबरोबर, वरून लसणाची कढत फोडणी. पावसाळ्यात आला असतात तर वास्ते आणि टेकोडे खाऊ घातले असते, असं त्या मला चार वेळा म्हणाल्या. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणि टेकोडे म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या रानअळंब्या. काटवलं, तरोटा, कुड्याची फुलं, धोप्याची पानं अशी एकेक भाजी त्यांनी महिन्यासकट सांगितली. इथे तारखेपेक्षा भाजीवरून महिना ओळखावा.

नवऱ्याच्या वाट्याला पट आला. दोन समांतर धावपट्ट्या, हलक्या छकड्यावर पाय रोवून उभा असलेला धुरकरी, आणि काही सेकंदांत संपणारी झेप. मीही जेवणानंतर जाऊन पाहिली. डोळ्यांनी पकडेपर्यंत जोडी पल्याड गेलेली असते, मागे उरते ती धूळ आणि ध्वनिक्षेपकावर सेकंदांचा आकडा ओरडणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत पट नव्हते म्हणून पाहुणेही रोडावले, असं गावातले म्हणाले. जनावरांचे हाल हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पण बैलाच्या खुराकावर घरातल्या पोरापेक्षा जास्त खर्च करणारा शेतकरी शेजारी उभा असताना तो प्रश्न पुण्यातल्या दिवाणखान्यात वाटतो तितका सरळही राहत नाही.

पटाची रात्र नाटकाची. दहा वाजून गेल्यावर सगळं गाव चादरी, घोंगड्या घेऊन शामियान्याकडे निघालं. झाडीपट्टीचं नाटक तिकीट लावून होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. कौटुंबिक कथा, सासू-सून, भाऊबंदकी, बाटलीपायी बुडालेला नवरा, मधूनमधून गाणी आणि एक लावणी. समोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, आणि पुढच्या रांगेत बसलं तर तो नटाच्या आधीच ऐकू येतो. प्रेक्षकांना त्याचं काही वाटत नाही. रडायच्या जागी लोक मनापासून रडतात आणि मध्यंतरात भजी खायला उठतात. बाहेर कंदभजी, उकडलेली अंडी, चहा यांची अख्खी पेठ भरलेली. आम्ही दोघं अखेर तिथे निवांत भेटलो. थंडीत पाठीशी शेकोटी, हातात मिरचीचं भजं, आणि आपापला अर्धा सण एकमेकांना सांगण्याची घाई. मांडवामागे काही पुरुषांनी काय उघडलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेवरचा पूल ओलांडून वडशाला आलो. या गावाचं कागदोपत्री नाव देसाईगंज. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे एका रस्त्याला ओळीने आहेत, दाराबाहेर नटनट्यांचे रंगीत फलक. हंगामाआधी गावोगावची मंडळं इथे येऊन तारखा ठरवतात, बयाणा देतात. मुंबईचा एखादा मालिकेतला चेहराही हंगामापुरता कंपनीत दिसतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाचकांना झाडीपट्टी नाटक नावाचं काही असतं हे पहिल्यांदा कळलं. त्यांच्यात आम्हीही होतो. अनुदानाची वाट न पाहता, तिकिटावर, दरवर्षी उभी राहणारी ही रंगभूमी आहे. पुण्यातल्या परिसंवादांत तिचं नाव क्वचितच निघतं.

त्या पुलाबरोबर आणखी एक हद्द ओलांडली गेली होती. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे बार आहेत. पलीकडे गडचिरोली, तिथे दारूबंदी. गडचिरोलीची बंदी १९९३ पासूनची. त्यामागे गावोगावच्या बायांची चळवळ होती आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते होते. चंद्रपूरच्या बायाही २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत चालत गेल्या. तिथे २०१५ च्या एप्रिलमध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीमुळे चोरटी दारूच वाढली, असं उठवणाऱ्यांचं म्हणणं. घरात मार थांबला होता, असं बायांचं म्हणणं. आमच्या सहकाऱ्याच्या घरात दोन्ही पक्ष एकाच चुलीवर जेवतात.

मग गडचिरोलीत माणसं बसतात कुठे? चहाच्या टपरीवर, आणि खर्रा घोटत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून तळव्याने रगडायचा. टपरीवाल्याचा हात दिवसभर थांबत नाही. दारूवर बंदी असलेल्या जिल्ह्यात पाहुण्यापुढे पानाऐवजी हा खर्रा येतो. नाही म्हणताना माझ्या नवऱ्याची तारांबळ उडायची.

आरमोरीला थांबून कोसा पाहिला. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबं या रेशमाचे किडे वाढवतात, म्हणजे पाण्यात मासे आणि झाडावर रेशीम. तिथून गडचिरोली, चामोर्शी आणि शिवरात्रीचं मार्कंडा.

वैनगंगा दक्षिणेकडे वाहते, पण मार्कंड्यापाशी वळून काही अंतर उत्तरेकडे जाते. काशीला गंगाही उत्तरवाहिनी आहे, म्हणून ही विदर्भाची काशी. साधारण हजार वर्षांपूर्वीचा हा देवळांचा समूह आहे. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींचे थरावर थर, कमरेतून वळलेल्या सुरसुंदरी, हत्ती, व्याल. पुढे वीज पडून मुख्य देवळाचं बरंच नुकसान झालं. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याने या देवळांची मनसोक्त स्तुती लिहून ठेवली. पण शिवरात्रीला मूर्ती पाहायला कुणी येत नाही. सगळी गर्दी नदीच्या वाळूत. पाण्याला थंडीची शेवटची धार होती. बायका ओल्या लुगड्यांनी तशाच रांगेत उभ्या. वाळवंटात दुकानांच्या गल्ल्या पडलेल्या: बत्तासे, फुटाणे, लोखंडी तवे, विळे, बांगड्या, पाळणे. उपास असल्यामुळे त्या दिवशी आमचं जेवण म्हणजे उकडलेली रताळी आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, पळसाच्या पानावर. शेजारी बसलेलं एक म्हातारं जोडपं सिरोंच्याकडून आलेलं. आपसात तेलुगू, आमच्याशी मराठी. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते आणि समोरचा काठ तेलंगणाचा. तिकडे कालेश्वर असताना इकडे का आलात, असं विचारलं तर आजोबा म्हणाले, "तो रोजचा हाय." दरवर्षी जोडीने एक यात्रा करायची, असा त्यांचा नेम होता.

आष्टीच्या पुढे जंगल दाट होत जातं. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भूभाग जंगलाखाली आहे, हे पुस्तकातलं वाक्य आलापल्लीच्या सागांखालून जाताना खरं होतं. मधेच लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागते आणि पळसाच्या केशरी फुलांवर विटकरी धूळ बसलेली दिसते. आलापल्लीनंतर ट्रक कमी होतात, मग माणसंही.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने या गावाचा जगाशी संबंध तुटायचा. गावाच्या थोडं अलीकडे हेमलकसा, जिथे १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमट्यांनी आयुष्य वेचलं. भोवताली माडिया गोंडांची गावं.

इथे पहाट मोहाच्या वासाने होते. फूल रात्री गळतं आणि उजाडायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर जनावरं खाऊन जातात. अस्वलाला ते फार आवडतं, म्हणून वेचणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत फिरतात. मोत्याच्या रंगाचं, मांसल, रसाने टचटचीत असं फूल. मी एक तोंडात टाकलं. पहिल्यांदा मध लागला, मग उग्र, थोडा कोंदट वास घशात चढला. नवऱ्याला पुढे खावंसं वाटलं, मला नाही. अंगणात वाळत घातलं की हेच फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं आणि वर्षभर टिकतं. भाजून, तिळाबरोबर कुटून त्याचे लाडू होतात. बियांचं तेल निघतं. दारू हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी फक्त एक, पण सरकारी कागदांत फुलाची ओळख तीच राहिली. वेचण्या-साठवण्यावरचे राज्यभरचे निर्बंध २०२१ मध्ये सैल झाले. मात्र माडियांच्या जन्म-लग्न-मरणाच्या विधींत देवाला, पूर्वजांना मोहाच्या दारूचे थेंब लागतातच. बंदी आणि देव यांच्यातली ही ओढाताण काही गावांच्या ग्रामसभांनी आपल्यापुरती सोडवली: विकायची नाही, विधीपुरती चालेल.

आम्हाला प्यायला मिळाला तो जावा. पीठ पाण्यात शिजवून केलेली पातळ, किंचित आंबूस पेज. भोपळ्याच्या तुंब्यातून पानाच्या द्रोणात ओततात. उन्हात चालून आल्यावर दोन द्रोण प्यायलो आणि दुपारपर्यंत भूक लागली नाही. सोबत लाल मुंग्यांची चटणी. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या मीठ-मिरचीबरोबर वाटलेल्या. लिंबाहून धारदार आंबटपणा आणि मागून मिरची. ही मात्र मी पुन्हा मागून घेतली.

अंगणातल्या आंब्याला कैऱ्या धरलेल्या होत्या. चटणीबरोबर एखादी चालली असती, म्हणून नवऱ्याने सहज विचारलं. घरातल्या माणसाने मान हलवली. पंडुम झाला नव्हता. पंडुम म्हणजे सण. नवं फळ, नवं धान्य, नवी भाजी आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायची. सगळ्या गावाने मिळून तो दिवस पाळला की मग खायची. तोवर कैरी तोडायची नाही, पाहुण्यासाठीसुद्धा नाही. कच्ची फळं ओरबाडली जाऊ नयेत यासाठी हा नियम किती उपयोगाचा, हे शहाण्या माणसाला सांगायला नको. पण त्याने उपयोग वगैरे काही सांगितलं नाही. "अजून आमचा आंबा नाही झाला," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर चंद्रपूर. गोंड राजांची ही राजधानी अजून परकोटाच्या आत-बाहेर जगते. जटपुरा दरवाजातून रिक्षा, बैलगाडी आणि कोळशाचा धूर एकदमच बाहेर पडतात. महाकालीच्या देवळाशी राणी हिराईचं नाव जोडलेलं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तिथे मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविक येतात, ते झरपट नदीच्या काठी उतरतात. एप्रिलातलं चंद्रपूरचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनाच त्या भक्तीचं मोल कळेल. संध्याकाळी हॉटेलात नवऱ्याने कायदेशीर, गार बिअर मागवली. मी लाखोरीच्या वड्यांची चौकशी केली. वाढप्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातलं जुनं भांडं मागितलं. "ते घरी बनते मॅडम. इथं पनीर पकोडा आहे."

म्हणून सकाळी गोल बाजारात जाऊन डाळच घेतली. लाखोरी हे गरिबाचं पीक. भात कापायच्या आधी ओल्या बांधीत बी फेकायचं, नांगर लागत नाही, खत लागत नाही. पण महिनोन्महिने नुसती हीच डाळ खाल्ली तर पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. झाडीपट्टीतले लोक ती पिकवत आणि खात राहिलेच, आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये ती बंदी उठवली. डाळ मोजणाऱ्या बाईंनी आम्ही कुठले ते विचारलं. पुण्याचे म्हटल्यावर माप अर्ध्यात थांबवून म्हणाल्या, "तुमच्याकडे तूर नाही पिकत काय? लाखोरी काहाले नेता?"

वडे करायचे आहेत, म्हटलं.

"मंग रातभर भिजू घाला. ते पानी फेकून द्या, भाजीत टाकू नका. वाटाचं जाडंभरडं. अन् लसन जास्त घाला, जीव लहान करू नका."

त्यांनी माप भरलं, वर आणखी मूठभर टाकली, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमीच वाटा जी, बाई तळन."